काचमावशींचे दोन रकाने

कुणाच्याही घरी गेल्या आणि पाण्याचा पेला हातात आला, की काचमावशी आधी तो उजेडाकडे धरायच्या. घरातल्या बाईंचा चेहरा पडायचा. पेला स्वच्छच असायचा, पण मावशींचं तेवढ्यावर भागायचं नाही. त्या तो बोटांत फिरवायच्या, कडेवरून नख न्यायच्या, टिचकी मारून आवाज ऐकायच्या आणि मगच पाणी प्यायच्या. "अहो, सवय आहे हिची," असं त्यांचा नवरा घाईघाईनं सांगायचा. तोवर व्हायचा तो अपमान होऊन गेलेला असायचा.

सवय शाळेतली होती. एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्या चोवीस वर्षं मदतनीस होत्या. नळ्या, बीकर, चंबू, काचपट्ट्या धुवायच्या, पुसायच्या, कपाटात लावायच्या, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पुसट झाल्या की नव्या चिकटवायच्या, हे त्यांचं काम. तडकलेली काच मुलाच्या हातात गेली तर बोट कापणार, म्हणून प्रत्येक वस्तू त्या उजेडाला धरून तपासायच्या. विज्ञानाचे शिक्षक येत होते, बदलून जात होते, प्रयोगशाळेचं दार मात्र रोज सकाळी मावशीच उघडायच्या. खरं नाव शाळेच्या हजेरीपटात कुठेतरी असेल. मुलांनी ठेवलेलं काचमावशी हेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

आता या बाई मुलांना शिकवायला कशा लागल्या, तर विज्ञानाच्या सरांच्या पायामुळे. गुरुत्वाकर्षणाचा तक्ता भिंतीवर टांगताना सर स्टुलावरून पडले. यात कुणाला हसू आलं तर सरांची हरकत नव्हती, पाय सुजेपर्यंत ते स्वतःच हसत होते. नंतर हाड मोडल्याचं कळलं आणि सर तीन महिने घरी बसले. मोठ्या वर्गांची सोय कशीबशी लागली. सहावीचे आठवड्यातले दोन तास राहिले. त्या तासांना काय करायचं हे कुणालाच सुचेना, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी मावशींना बोलावून घेतलं.

"शिकवायचं काही नाही," बाई म्हणाल्या. "नुसतं बसा त्यांच्याजवळ. आरडाओरडा होऊ देऊ नका, एवढं बघा."

अडतीस मुलांजवळ नुसतं बसायचं, हे सांगणाऱ्याला सोपं वाटतं. पहिल्या दहा मिनिटांतच मावशींच्या नाकी नऊ आले. एक जण नळ सोडून बसला, दोघी टेबलाखाली गेल्या, मागच्या बाकावर कसली तरी शर्यत सुरू झाली. ओरडायचा मावशींचा स्वभाव नव्हता आणि घसाही नव्हता. त्यांनी कपाटातून अठरा बीकर काढले, टाकून द्यायला बाजूला ठेवलेला, केसाएवढा तडा गेलेला एक त्यांत मिसळला आणि दोघांत एक असे वाटून टाकले.

"यातला एक तडकलेला आहे," त्या म्हणाल्या. "कोणता ते शोधा."

वर्ग एकदम गप्प झाला. अडतीस डोकी एकोणीस बीकरांवर वाकली. थोड्या वेळानं एकानं हात वर केला. हा मुलगा उत्तर आधी देऊन प्रश्न नंतर ऐकायचा, म्हणून वर्गात त्याला घाईगर्दी म्हणत. "मावशी, हा!"

"कशावरून?"

"वाटतंय."

"वाटतंय ते राहू दे. दिसलं काय?"

घाईगर्दीला काहीच दिसलेलं नव्हतं. मग मावशींनी खडू घेतला, फळ्यावर उभी रेघ मारली आणि एका बाजूला लिहिलं 'दिसलं', दुसऱ्या बाजूला 'वाटलं'. ऐकू आलेलं, हाताला लागलेलं, मोजलेलं हे सगळं दिसलंमध्ये. बाकीचं सगळं वाटलंमध्ये. वाटलंमध्ये लिहायला लाज नाही, पण त्या रकान्यातलं या रकान्यात आणायचं तर काहीतरी करून दाखवायला हवं. त्या तासाला मुलांनी नख फिरवून, टिचक्या मारून, उजेडाला धरून तडकलेला बीकर शोधून काढला. तो घाईगर्दीचा नव्हता.

हे रकाने मावशींच्या डोक्यातून आले असं कुणी समजू नये. ते त्यांच्या नवऱ्याचे. तो बसच्या आगारात मेकॅनिक होता, आता निवृत्त. ड्रायव्हर तक्रारवहीत 'इंजिन खराब' असं लिहून मोकळे व्हायचे आणि हा संध्याकाळी घरी येऊन जेवताना त्यांच्या नावानं बोटं मोडायचा. "इंजिन खराब आहे हे तू ठरवणार का रे? चढावर काळा धूर निघतो की सकाळी सुरू होताना खडखडतं, ते लिही ना! दिसलं ते लिही, तुला वाटलं ते माझ्यावर सोड." तीस वर्षं ही बोलणी ऐकून मावशींना पाठ झाली होती.

पुढच्या तासांना मुलांनी वर्गाबाहेरची भिंत पाहिली, नळाची गळती मोजली, तासाच्या घंटा घड्याळाशी ताडून पाहिल्या. (मधल्या सुट्टीची घंटा रोज दोन मिनिटं उशिरा होते, हे तेव्हाच उघडकीला आलं आणि शिपाई मावशींशी आठवडाभर बोलला नाही.) घाईगर्दीनं दिसलंमध्ये लिहिलं, 'मुंगी घाईत आहे.' सगळा वर्ग त्याच्यावर तुटून पडला. घाई कशी दिसली? मुंगीनं सांगितलं? शेवटी बिचाऱ्यानं पट्टी लावली आणि लिहिलं, 'मुंगी दहा मोजेपर्यंत पंधरा सेंटीमीटर गेली.' घाई गेली वाटलंमध्ये, आणि तिच्यासमोर त्यानं कंसात आपलंच नाव लिहिलं.

एकदा सर कुबड्या घेऊन शाळेत काही कागद द्यायला आले. वर्गात बातम्या आणणारी एक मुलगी होती, तिनं लगेच जाहीर केलं, "सरांचं लग्न ठरलंय!"

"दिसलं की वाटलं?" सगळे एका सुरात ओरडले.

"नवीन शर्ट घातला होता. दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा बाहेर जाऊन बोलले."

बराच वेळ चर्चा झाली. शर्ट दिसलंमध्ये गेला, फोन दिसलंमध्ये गेले, लग्न वाटलंमध्ये राहिलं. मावशींनी फळा लगेच पुसून टाकला, कारण सर अजून जिन्यातच होते.

या सगळ्यांत एक मुलगी होती, तिला मावशी शंकासुर म्हणायच्या. किडकिडीत, चष्मा नाकावरून सारखा घसरणारा, आणि कुठल्याही गोष्टीवर लगेच विश्वास न ठेवण्याची खोड. पहिले काही दिवस मावशींना ती डोकेदुखी वाटली. नंतर नंतर तिनं हात वर केला नाही तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होई.

खोड शाळेत राहिली असती तर बरं होतं. ती घरोघरी गेली. एका मुलानं बापाला विचारलं, "बाबा, मी दिवसभर टीव्ही बघत होतो हे तुम्हाला दिसलं की वाटलं?" बाप थेट शाळेत. पाठोपाठ एका मुलीची आई वही घेऊन आली. वहीत एकही प्रश्नोत्तर नव्हतं, नुसत्या उभ्या रेघा आणि मुंग्या.

मुख्याध्यापिकाबाईंनी मावशींना बोलावलं. बाई कडक होत्या, पण वाकड्यात शिरणाऱ्या नव्हत्या. "मी बसा म्हटलं होतं, तुम्ही तर वर्ग घ्यायला लागलात. काचा धुणाऱ्या बाई आमच्या मुलांना विज्ञान शिकवतात का, असं विचारलं मला एका पालकांनी."

वाक्य मावशींच्या जिव्हारी लागलं होतं, पण त्यात खोटं काय होतं? काचा त्या धूतच होत्या.

"पुढच्या आठवड्यात सर परत येतायत," बाई म्हणाल्या. "सोमवारी मी येऊन बसते तुमच्या तासाला. मला पटलं तर दोनातला एक तास तुमच्याकडे राहील, पालकांना काय सांगायचं ते मी बघेन. नाही पटलं तर दोन्ही सरांकडे जातील. चालेल?"

"चालेल," मावशी म्हणाल्या. जिना उतरताना त्यांना कळलं, की आपल्याला हा तास किती हवा आहे. चोवीस वर्षं त्या मुलांच्या मागचं आवरत आल्या होत्या. मुलांच्या पुढ्यात उभं राहायला आत्ता कुठे मिळालं होतं, आणि त्यांना ते फार फार आवडलं होतं.

शुक्रवारच्या तासाला त्यांनी सोमवारची तयारी करून घ्यायची ठरवली. मुंगी आणि घंटा, सगळं घोटून तयार. मुलं वह्या काढत होती आणि मावशी कोपऱ्यातल्या शेगडीवरचं पातेलं उतरवत होत्या. हे पातेलं म्हणजे त्यांचा अभिमान. नळाच्या पाण्यानं काच धुतली की वाळल्यावर पांढरे डाग पडतात. म्हणून धुऊन झालं की शेवटचा हात त्या उकळलेल्या पाण्याचा द्यायच्या आणि काचा खुंट्यांच्या फळीवर उलट्या टांगायच्या. रोज सकाळी वीस मिनिटं आधी येऊन पाणी उकळायचं. त्यांच्या आधी हेच काम करणाऱ्या मामांनी निवृत्त होताना हे त्यांना शिकवलं होतं, आणि चोवीस वर्षांत त्यांच्या काचेवर डाग पडल्याचं कुणी दाखवून द्यावं!

शंकासुर पातेल्यात डोकावली. "मावशी, पातेलं आतून पांढरं का आहे?"

"पाणी उकळलं की त्यातलं पांढरं पातेल्याला लागतं. म्हणून तर काचेला लागत नाही."

"हे दिसलं की वाटलं?"

वर्गात कुणीतरी खुसखुसलं. मावशींच्या कपाळावर आठी आली. "अगं, चोवीस वर्षं बघतेय मी. बघ ना त्या काचा, आहे एक तरी डाग?"

"काचा स्वच्छ दिसल्या," शंकासुर म्हणाली. चष्मा वर सरकवला. "पण उकळल्यामुळे स्वच्छ आहेत, हे वाटलं. तुम्ही न उकळता कधी करून बघितलंय?"

नव्हतं बघितलं. आणि मावशींची खात्री इतकी पक्की होती, की त्यांना वाटलं, बरंच झालं. बाईंच्या समोर आपलंच काम कसोटीला लागेल आणि खणखणीत उतरेल. मुंगीपेक्षा हे भारी. "होऊन जाऊ दे," त्या म्हणाल्या.

मग मुलांनी जो काही प्रयोग बांधला, त्याची मावशींनाही कल्पना नव्हती. बारा सारखे बीकर घ्यायचे. सहांना शेवटचा हात नळाच्या पाण्याचा, सहांना उकळलेल्या पाण्याचा. बाहेरून चिठ्ठ्या, 'न' आणि 'उ', पुढे क्रमांक. सगळे खुंट्यांवर टांगायला निघाले, तेवढ्यात घाईगर्दी म्हणाला, "पण घरी तर आपण पेले सरळच ठेवतो." त्याला काही विशेष म्हणायचं होतं असं नाही, पण त्यावरून वाद झाला आणि ठरलं, दोन्हींतले तीन तीन उलटे टांगायचे, तीन तीन टेबलावर सरळ ठेवायचे. मावशी विसळायला पुढे झाल्या, तर शंकासुरनं त्यांचा हातच धरला. "तुम्ही नको, मावशी. तुमचा जीव आहे त्या पाण्यावर."

बारा बीकर मुलांनीच विसळले, आणि सोमवारी सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं ठरलं.

शनिवारी मावशी खुशीत होत्या. रविवारी दुपारी भांडी घासताना त्यांचा हात थांबला. घरातला एक पेला ओट्यावर सरळ होता, एक पालथा. त्यांनी दोन्ही उचलून उजेडाला धरले आणि पुन्हा होते तसे ठेवून दिले.

"उद्या काही उलटंसुलटं निघालं तर?" जेवताना त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे काचा धुणाऱ्या बाईला काचाच धुता येत नाहीत, असं निघालं तर? बाईंच्या समोर?"

नवऱ्यानं घास खाली ठेवला. "मी एकदा एका बसचा अख्खा गिअरबॉक्स उतरवला होता. दोन दिवस. नंतर कळलं, एक पिन सुटली होती, बस्स. आगारभर हसले."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? वहीत लिहिलं, पिन सुटली होती." त्यानं पुन्हा घास उचलला. "वाढ थोडं."

याला धीर देणं म्हणतात की काय, मावशींना कळेना.

सोमवारी त्या नेहमीपेक्षाही लवकर आल्या. कुलूप उघडलं, खिडकी उघडली आणि टेबलाशी गेल्या. उजेडाला धरायचीही गरज नव्हती. खुंट्यांवरचे सहाच्या सहा लख्ख होते, 'न'ही आणि 'उ'ही. टेबलावर सरळ ठेवलेल्या सहाच्या सहांच्या बुडाला पांढरी वर्तुळं होती, 'न'लाही आणि 'उ'लाही. एका 'उ'ला काकणभर जास्तच. काच स्वच्छ राहत होती ती उलटी टांगल्यामुळे, पाणी निथळून जात होतं म्हणून. उकळण्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. मावशींनी मनातल्या मनात रोजची वीस मिनिटं गुणिले चोवीस वर्षं करायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

त्यांच्या खांद्यावर फडकं होतं. टेबलावरच्या तीन 'उ'मधून नुसतं फिरवलं असतं, तर कुणाला काय कळणार होतं? बाई खूश, पालक गप्प, तास हातात. शंकासुर तेवढी चष्मा वर करून बघत राहिली असती, पण दिसलं ते तिला लिहावंच लागलं असतं. मावशींनी फडकं हातात घेतलं. एक बीकर उचललाही.

मग त्यांना स्वतःचाच इतका राग आला, की त्यांनी बीकर खाली ठेवला, बाहेर येऊन दाराला कुलूप लावलं आणि तास सुरू होईपर्यंत व्हरांड्यात उभ्या राहिल्या. तास जाणार हे त्यांनी तिथे उभ्याउभ्याच गृहीत धरून टाकलं.

मुख्याध्यापिकाबाई मागच्या बाकावर बसल्या. मुलांनी बारा बीकर एकेक करून उजेडाला धरले आणि शंकासुरनं फळ्यावर लिहिलं. दिसलं: उलटे सहा, डाग नाहीत. सरळ सहा, सगळ्यांना डाग. 'न' आणि 'उ'मध्ये फरक नाही. 'उ' क्रमांक दोनला थोडे जास्त. मग ती दुसऱ्या रकान्याशी गेली. तिथे तिचा खडू अडला. तिनं मावशींकडे पाहिलं. एरवी कुणाची भीड न बाळगणारी ती पोर, तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"लिही," मावशी म्हणाल्या. "काय वाटतं तुला, ते लिही."

"तुम्हाला वाईट वाटेल."

"ते माझ्या रकान्यात. तू तुझ्या रकान्यात लिही."

तिनं लिहिलं: 'पाणी उकळायची गरज नव्हती.'

मागच्या बाकावरून मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज आला. "मावशी, म्हणजे तुम्ही चोवीस वर्षं..."

"हो बाई. उगाच उकळलं." एकदा तोंडातून गेल्यावर मावशींना हलकं वाटलं. "मला मामांनी सांगितलं, मी केलं. मी कधी विचारलं नाही, आणि मलाही कधी कुणी विचारलं नाही. एवढे शिक्षक येऊन गेले, रोज माझं पातेलं बघत होते. काचा धुणारी बाई, तिला काय विचारायचं? ही पहिली." आणि त्या हसल्या, अगदी मनापासून. त्यांनाच नवल वाटत होतं, पण त्यांना खरोखरच आनंद झाला होता. आपल्या कामाकडे इतकं निरखून त्या शाळेत आजवर कुणीही पाहिलं नव्हतं.

मुख्याध्यापिकाबाई उठल्या. फळ्यापाशी आल्या, दोन्ही रकाने वाचले. "छान," त्या म्हणाल्या. "म्हणजे हे सिद्ध झालं तर."

"नाही," शंकासुर म्हणाली.

मावशींनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे, एकदाच केलंय ना बाई," ती सांगायला लागली. "शुक्रवारचं पाणी वेगळं असेल. आणि आम्ही विसळलं, मावशींचा हात वेगळा आहे. परत करायला हवं. आणि मामांच्या वेळी खुंट्यांची फळी होती का, तेही बघायला हवं. नसेल तर तेव्हा उकळून उपयोग होतही असेल. मामांना विचारायला हवं."

"किती वेळा करावं लागेल?" बाईंनी विचारलं.

शंकासुरनं प्रामाणिकपणे विचार केला. "ते आत्ता कसं सांगणार?"

मुख्याध्यापिकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग मावशींकडे. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि मुलांसमोर हसायचंही नव्हतं. "मावशी," त्या म्हणाल्या, "हिचं समाधान होईपर्यंत एक तास तुमच्याकडे राहू दे."

"बाई," मावशी म्हणाल्या, "हिचं समाधान नाही व्हायचं कधी."

"ते दिसतंच आहे," म्हणत बाई दाराकडे निघाल्या.

"वाटलं!" अख्खा वर्ग ओरडला.